नाव हरवलेला पटकथाकार

लॉस एंजेलिसच्या पँटेजेस थिएटरमध्ये २७ मार्च १९५७ च्या रात्री ऑस्कर पारितोषिकांचा सोहळा रंगात आला होता. सर्वोत्कृष्ट कथेचे पारितोषिक जाहीर करण्यासाठी अभिनेत्री डेबोरा कार व्यासपीठावर आल्या. मेक्सिकोतील एका मुलाच्या आणि त्याच्या लाडक्या बैलाच्या कथेवर बेतलेल्या 'द ब्रेव्ह वन' या चित्रपटाचे लेखक रॉबर्ट रिच यांचे नाव त्यांनी पुकारले. सभागृहातून कोणी उठले नाही. लेखकांच्या संघटनेचे उपाध्यक्ष जेसी लास्की धाकटे धावतपळत व्यासपीठावर गेले, आपल्या मित्राची पत्नी प्रसूत होत असल्याने तो येऊ शकला नाही असे वेळ निभावून नेणारे कारण त्यांनी सांगितले आणि बाहुली ताब्यात घेतली. नंतर संघटनेच्या सभासदांची यादी चाळली गेली. त्या यादीत रॉबर्ट रिच नावाचा कोणीही लेखक नव्हता.

रॉबर्ट रिच या नावाचा माणूस होता, पण तो निर्माते किंग बंधूंचा भाचा होता आणि त्या कथेशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. कथा ज्याने लिहिली तो माणूस दहा वर्षांपूर्वीपर्यंत हॉलिवूडमधील सर्वाधिक मानधन घेणाऱ्या लेखकांत मोडत होता. आता मात्र स्वतःच्या नावाने एक ओळही विकण्याची त्याला मुभा नव्हती. त्याचे नाव डाल्टन ट्रम्बो.

ट्रम्बो यांच्या आयुष्यावर पुस्तके निघाली, २०१५ मध्ये चित्रपटही आला. त्यात बहुधा राजकीय छळाची बाजू ठळक होते, आणि ती खरीही आहे. परंतु या छळाच्या मुळाशी पटकथालेखकाचा मेहनताना, त्याच्या नोकरीची शाश्वती आणि पडद्यावरील त्याचे नाव यांवरून स्टुडिओमालकांशी चाललेला दीड तपांचा झगडा होता, ही गोष्ट सहसा मागे पडते.

पावाच्या भट्टीतील नऊ वर्षे

जेम्स डाल्टन ट्रम्बो यांचा जन्म ९ डिसेंबर १९०५ रोजी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात माँट्रोज या गावी झाला. बालपण त्याच राज्यातील ग्रँड जंक्शन या छोट्या शहरात गेले. वडील ऑरस हे जोड्यांच्या दुकानात नोकरी करीत. सचोटीचे गृहस्थ, पण पैसा त्यांच्या हाती कधी टिकला नाही. शाळेत असतानाच डाल्टन स्थानिक दैनिकासाठी बातम्या गोळा करू लागले. कोर्ट, शाळा, मर्तिके, सभा अशी कोणतीही बातमी त्यांना वर्ज्य नव्हती. पुढे बोल्डर येथील विद्यापीठात त्यांनी जेमतेम वर्षभर काढले. १९२५ मध्ये कुटुंबाने लॉस एंजेलिसला बिऱ्हाड हलवले आणि १९२६ मध्ये वडील वारले. आई आणि दोन धाकट्या बहिणींचा भार विशीतल्या डाल्टनवर पडला.

मग एका मोठ्या बेकरीत रात्रपाळी सुरू झाली. पाव गुंडाळून ठेवायचे काम. तात्पुरते म्हणून धरलेले हे काम तब्बल नऊ वर्षे चालले. दिवसा ते विद्यापीठाच्या वर्गांना बसत आणि उरलेल्या वेळात लिहीत. या काळात त्यांनी सहा कादंबऱ्या आणि ऐंशीहून अधिक कथा लिहिल्या. जवळजवळ सगळ्या साभार परत आल्या. रात्री काम आणि दिवसा लेखन ही सवय मात्र अंगात भिनली. रात्रभर लिहिण्याचा त्यांचा पुढचा सारा शिरस्ता बेकरीच्या पाळीतून आला असावा, असे मानायला जागा आहे.

१९३४ मध्ये त्यांना वॉर्नर ब्रदर्समध्ये वाचकाची नोकरी मिळाली. आलेल्या कादंबऱ्या आणि नाटके वाचून त्यांचा गोषवारा करायचा, एवढेच काम. पुढच्याच वर्षी त्यांची पहिली कादंबरी 'एक्लिप्स' लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ग्रँड जंक्शनमधील मंडळींचे इतके ओळखू येण्याजोगे चित्र होते की त्या गावाने कित्येक वर्षे त्यांना क्षमा केली नाही. १९३५ मध्येच वॉर्नरने त्यांना कनिष्ठ लेखक म्हणून करारबद्ध केले.

त्या काळच्या लेखकाची जागा

हा करार म्हणजे काय होते, हे समजून घेतल्याखेरीज पुढचे प्रकरण उमजत नाही. स्टुडिओ लेखकाला सात वर्षांपर्यंत बांधून घेत, पण ही बांधीलकी एकतर्फी असे. ठरावीक मुदतीनंतर, बहुधा सहा महिन्यांनी, लेखकाला ठेवायचे की काढायचे हे स्टुडिओ ठरवी. सोडून जाण्याचा हक्क लेखकाला नसे. मधल्या काळात बिनपगारी घरी बसवणे, दुसऱ्या स्टुडिओला उसने देणे, दिलेले काम नाकारल्यास निलंबित करणे हे सारे करारात बसत होते. एकाच कथेवर एकमेकांच्या नकळत तीन-चार लेखकांना कामाला लावण्याची पद्धत सर्रास होती. चित्रपट पूर्ण झाला की पडद्यावर कोणाचे नाव जायचे हे निर्माता ठरवी. त्यात त्याचा मेहुणा किंवा पत्त्यांचा सोबती असला तरी विचारणारे कोणी नव्हते.

नाव गेले तर बिघडले काय, असे बाहेरच्याला वाटेल. या धंद्यात पुढच्या चित्रपटाचा भाव मागच्या चित्रपटावरील नावाने ठरतो. सुताराने केलेले कपाट त्याच्या नावाशिवायही दिसते. पटकथा पडद्यावर विरघळून जाते आणि मागे नावाची एक ओळ उरते. ती ओळ हीच लेखकाची पुंजी. म्हणून श्रेयनामावलीचा वाद हा मानाचा नव्हता, मजुरीचा होता.

१९३३ च्या मार्चमध्ये अमेरिकेतील बँका बंद पडल्या आणि स्टुडिओमालकांनी आठ आठवड्यांसाठी पगार निम्म्याने कापण्याचे फर्मान काढले. पडद्यामागच्या कारागिरांची संघटना बळकट होती. तिने कपात साफ नाकारली आणि तिला कोणी हात लावला नाही. लेखकांचे पगार मात्र कापले गेले. या प्रसंगातून लेखकांनी बोध घेतला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'स्क्रीन रायटर्स गिल्ड' नव्याने उभी राहिली आणि नाटककार जॉन हॉवर्ड लॉसन तिचे पहिले अध्यक्ष झाले. ट्रम्बो त्या वेळी बेकरीतच होते.

मालकांनी या संघटनेला मान्यता दिली नाही. १९३६ च्या वसंतात नाटककार आणि कादंबरीकारांच्या संघटनांशी हातमिळवणी करण्याचा बेत गिल्डने आखला. कराराबाहेरच्या लेखकांकडून स्टुडिओला माल मिळू नये, असा त्यामागचा हिशेब होता. मालक खवळले. त्यांच्या आशीर्वादाने 'स्क्रीन प्लेरायटर्स' नावाची समांतर संघटना निघाली. तिच्यात चढ्या पगाराचे लेखक पुढे होते. गिल्डचा राजीनामा देऊन या नव्या संघटनेत या, असा निरोप प्रत्येक लेखकाच्या खोलीत पोहोचला. काही आठवड्यांत गिल्ड कोसळली. लोक कुजबुजतही तिचे नाव घेईनात.

वॉर्नरने ट्रम्बोंनाही तेच सांगितले. जेमतेम वर्षभराची नोकरी, दोन किरकोळ चित्रपटांवर नाव, घरी आई-बहिणी आणि बाहेर मंदी. त्यांनी राजीनामा दिला नाही. वॉर्नरमधील त्यांची नोकरी संपली. काही काळ कोणी दारात उभे करीना. अखेर कोलंबिया कंपनीने त्यांना घेतले. पुढच्या सगळ्या आयुष्याचे बीज या नकारात आहे. त्या वेळी ट्रम्बो साम्यवादी नव्हते, कोणत्याही राजकीय पक्षात नव्हते. ज्या संघटनेत आपण स्वखुशीने गेलो ती मालकाच्या हुकमाने सोडायची नाही, एवढाच मुद्दा होता.

१९३५ च्या कामगार कायद्याने कर्मचाऱ्यांना संघटनेचा हक्क दिला होता आणि १९३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. लेखक हे कलावंत असल्याने कामगार ठरत नाहीत, हा स्टुडिओंचा युक्तिवाद कामगार मंडळाने फेटाळला. १९३८ च्या जूनमध्ये मतदान झाले. गिल्डला २६७ आणि मालकधार्जिण्या संघटनेला ५७ मते पडली. तरीही प्रत्यक्ष करारासाठी आणखी चार वर्षे घासाघीस चालली. १९४२ मध्ये झालेल्या करारात आठवड्याला किमान १२५ डॉलर वेतन ठरले. श्रेय कोणाचे हे ठरवण्याचा अधिकार निर्मात्याकडून लेखकांच्या संघटनेकडे आला. तेव्हा गिल्डच्या अध्यक्षपदी मेरी मॅकॉल या होत्या. त्या पदावर आलेल्या पहिल्या महिला.

आठवड्याला तीन हजार डॉलर

या वर्षांत ट्रम्बोंचा आलेख वर वर जात राहिला. १९३८ मध्ये क्लिओ फिंचर यांच्याशी विवाह झाला. त्या गाड्यांपाशी जाऊन खाद्यपदार्थ देणाऱ्या उपाहारगृहात काम करीत. १९३९ मध्ये 'जॉनी गॉट हिज गन' ही युद्धविरोधी कादंबरी आली. पहिल्या महायुद्धात हातपाय, डोळे, कान, वाचा सारे गमावलेल्या सैनिकाच्या मनात ती घडते. १९४० च्या 'किटी फॉइल'साठी ऑस्करचे नामांकन मिळाले. मेट्रो गोल्डविन मेयरसाठी त्यांनी 'अ गाय नेम्ड जो' आणि 'थर्टी सेकंड्स ओव्हर टोकियो' लिहिले. महायुद्ध संपता संपता त्यांच्या कराराचे आकडे साऱ्या हॉलिवूडच्या तोंडी होते: आठवड्याला ३,००० डॉलर, किंवा प्रत्येक पटकथेला ७५,००० डॉलर. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्या करारात नीतिकलम नव्हते. लेखकाच्या वर्तनाने कंपनीची बदनामी झाल्यास त्याला काढता येईल, असे हे कलम इतरांच्या करारांत हमखास असे. ट्रम्बोंनी ते गाळायला लावले होते.

एवढा पैसा मिळवणारा माणूस १९४३ मध्ये कम्युनिस्ट पक्षात गेला, याची तेव्हाही अनेकांना गंमत वाटे. ट्रम्बोंच्या स्वभावात ही विसंगती होतीच. डोंगरातले प्रशस्त शेतघर, उंची मद्य, मोठा खर्च आणि त्यासोबत संपकऱ्यांची बाजू. त्यांच्या काही भूमिका आज खटकतात. पक्षाच्या धोरणाबरोबर त्यांची युद्धविषयक मतेही वळली. युद्धकाळात त्यांच्या कादंबरीच्या प्रती मागणारी पत्रे आली, तेव्हा त्यांतील काही माणसे हिटलरधार्जिणी आहेत असे वाटून त्यांनी स्वतःहून सरकारी गुप्तचर खात्याला बोलावून ती पत्रे दाखवली. आलेल्या अधिकाऱ्यांना पत्रलेखकांपेक्षा ट्रम्बोंमध्येच अधिक रस होता. पुढे त्यांनीच ही चूक छापील कबुलीने मान्य केली.

१९४५ मध्ये गिल्डने 'द स्क्रीन रायटर' हे मासिक सुरू केले आणि त्याचे पहिले संपादक ट्रम्बो झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये रंगारी, सुतार आदी स्टुडिओ कामगारांचा मोठा संप सुरू झाला. ५ ऑक्टोबरला वॉर्नरच्या फाटकावर संपकऱ्यांवर पाण्याचे फवारे, लाठ्या आणि अश्रुधूर यांचा मारा झाला. लेखक मंडळी या संपात दुभंगली. ट्रम्बो उघडपणे संपकऱ्यांबरोबर राहिले. १९४६ मध्ये कादंबरीकार जेम्स केन यांची एक धाडसी योजना त्यांच्या मासिकातून पुढे आली. लेखकांनी आपले स्वामित्वहक्क विकून न टाकता एका सामायिक मंडळाकडे सोपवावेत आणि मंडळाने ते चित्रपट कंपन्यांना केवळ ठरावीक वापरापुरते द्यावेत, अशी ती कल्पना होती. ती साकारली असती तर स्टुडिओंचा पायाच हलला असता. विरोधकांनी तिला लेखनावरील साम्यवादी हुकमत म्हणून झोडपले आणि ती बारगळली. केन स्वतः साम्यवादी नव्हते, ही बाब त्या गदारोळात कोणी ध्यानी घेतली नाही.

१९४७ चा जून उजाडला तो संघटनांना जखडणारा नवा कामगार कायदा घेऊन. कामगार मंडळाचे संरक्षण हवे असल्यास आपण कम्युनिस्ट नाही असे प्रतिज्ञापत्र संघटनेच्या पदाधिकाऱ्यांनी देणे त्याने आवश्यक केले. सप्टेंबरात अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या चौकशी समितीचे समन्स हॉलिवूडमध्ये येऊन थडकले.

दोन प्रश्न

ट्रम्बो २८ ऑक्टोबर १९४७ रोजी वॉशिंग्टनमध्ये समितीपुढे उभे राहिले. सोबत त्यांनी आपल्या पटकथांचे बाड आणले होते. देशद्रोह यात कोठे आहे ते दाखवा, असा त्यांचा आग्रह होता. अध्यक्ष पार्नेल थॉमस यांनी ना निवेदन वाचू दिले, ना पटकथा दाखल करून घेतल्या. त्यांना प्रश्न दोनच होते. पक्षाबद्दलचा प्रश्न सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या आधीचा प्रश्न विसरला जातो: आपण स्क्रीन रायटर्स गिल्डचे सभासद आहात काय?

ट्रम्बोंनी होय किंवा नाही असे उत्तर दिले नाही. संघटनेची सभासद यादी मालकांच्या आणि सरकारच्या नजरेआड राखण्याचा हक्क कामगारांनी फार यातना सोसून मिळवला आहे, अशी त्यांची भूमिका होती. त्यांना साक्षीदाराच्या जागेवरून हटवण्यात आले. संसदेच्या अवमानाचा ठपका बसलेल्या दहा जणांत सात पटकथालेखक होते आणि त्यांत गिल्डचे पहिले अध्यक्ष लॉसनही होते. हा योगायोग मानणे अवघड आहे.

२४ नोव्हेंबरला प्रतिनिधीगृहाने ३४६ विरुद्ध १७ मतांनी अवमानाचा ठराव संमत केला. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अॅस्टोरिया हॉटेलात जमलेल्या स्टुडिओमालकांनी या दहा जणांना काम न देण्याचे ठरवले. कोणत्याही कम्युनिस्टाला जाणूनबुजून नोकरी देणार नाही, असेही जाहीर केले. पुढे त्या यादीत शेकडो नावे पडली. मेट्रोने ट्रम्बोंना निलंबित केले. पण नीतिकलम नसलेला तो करार कामी आला. ट्रम्बोंनी दावा लावला आणि कंपनीला अखेर तडजोड करून पैसे मोजावे लागले.

आणि लेखकांची संघटना? तिने या आपल्या माणसांसाठी जे केले ते सांगताना आजही तिचे इतिहासकार अवघडतात. १९५२ मध्ये आर. के. ओ. कंपनीचे मालक हॉवर्ड ह्यूज यांनी पॉल जॅरिको या लेखकाचे नाव एका चित्रपटावरून स्वतःच्या मर्जीने काढून टाकले. गिल्ड न्यायालयात गेली आणि हरली. त्यानंतर १९५३ मध्ये तिने मालकांशी करारदुरुस्ती केली, की साम्यवादी असल्याचा आरोप झटकून न टाकणाऱ्या लेखकाचे नाव पडद्यावर देण्याचे बंधन निर्मात्यावर राहणार नाही. श्रेय ठरवण्याचा जो हक्क मिळवण्यासाठी नऊ वर्षे झगडा केला, तो अकरा वर्षांत स्वतःच्या सहीने एका गटापुरता सोडून दिला गेला. गिल्ड वाचली. कोणत्या किमतीवर, याचा हिशेब त्या गटाने मांडला.

बेनामी लेखणी

जून १९५० मध्ये ट्रम्बो केंटकी राज्यातील अॅशलंडच्या तुरुंगात दाखल झाले. वर्षाच्या शिक्षेतले दहा महिने त्यांनी काढले. तेथे ते कोठारात कारकुनी करीत आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या कैद्यांची घरची पत्रे लिहून देत. एव्हाना समितीचे अध्यक्ष पार्नेल थॉमस हेही खोट्या नोकरांच्या नावे पगार उचलल्याबद्दल दोषी ठरून दुसऱ्या एका तुरुंगात खडी फोडावी तशी शिक्षा भोगत होते. त्याच तुरुंगात दहांपैकी दोघे लेखक त्यांचे सहबंदी होते.

सुटकेनंतर शेतघर विकावे लागले. १९५१ च्या अखेरीस ट्रम्बो पत्नी आणि तीन मुलांसह मेक्सिकोला गेले. तेथे एका झुंजीत शूरपणे लढलेल्या बैलाला प्रेक्षकांच्या मागणीवरून जीवदान मिळालेले त्यांनी पाहिले आणि त्यातून 'द ब्रेव्ह वन' सुचला. मेक्सिकोत पैसा संपला. १९५४ च्या आरंभी कुटुंब लॉस एंजेलिसला परतले. शेजाऱ्यांचा त्रास झाला, धाकट्या मुलीला शाळेत बहिष्कार सोसावा लागला.

पोट भरायचे तर लिहिण्यावाचून दुसरे काही येत नव्हते. तुरुंगात जाण्यापूर्वीच त्यांनी किंग बंधूंसाठी चोरून लिहायला सुरुवात केली होती. 'गन क्रेझी' या त्यांच्या पटकथेला मोल मिळाले ३,७५० डॉलर, तेही हप्त्याहप्त्याने. पडद्यावर नाव मिलर्ड कॉफमन या दुसऱ्या लेखकाचे. मेक्सिकोतून परतल्यावर अठरा महिन्यांत त्यांनी अठरा पटकथा लिहिल्या, सरासरी सुमारे १,७५० डॉलर दराने. ७५,००० च्या जागी १,७५०. काळी यादी हे देशभक्तीचे हत्यार होते असे म्हणणाऱ्यांनी या दोन आकड्यांकडे पाहावे. जे निर्माते या लेखकांना जाहीरपणे वाळीत टाकत, त्यांच्यातलेच काही मागच्या दाराने त्यांचा माल मातीमोलाने उचलत. बेनामी लेखकाला किमान वेतन नाही, आरोग्यनिधी नाही, दाद मागायला संघटना नाही आणि पैसे बुडवले तर न्यायालयही नाही.

ट्रम्बोंनी या काळ्या बाजाराची रीतसर पेढीच चालवली. टोपणनावे डझनाने, बँकांतील खाती निरनिराळ्या नावांनी. मुलगा ख्रिस्तोफर बाडे पोहोचवायला जाई. रात्रभर बाथटबमध्ये पाठीला आराम देत बसायचे, टबावर आडवी फळी टाकून तिच्यावर लिहायचे, ओठात सिगारेट. आपल्याकडे झेपणार नाही ते काम ते इतर बहिष्कृत लेखकांकडे वळवत आणि ते पसंत पडले नाही तर आपण स्वतः मोफत दुरुस्त करून देऊ, अशी हमी निर्मात्याला देत. अनेक घरांतील चूल त्या हमीवर पेटत राहिली. यात त्यांचा धूर्त हिशेबही होता: बाजारात बहिष्कृतांचा माल इतका भरून टाकायचा की यादी हास्यास्पद ठरावी. मग कोणताही चांगला चित्रपट आला की हा ट्रम्बोंचाच असणार, अशी कुजबुज सुरू होई आणि ते कधी होकार देत नसत, कधी नकारही देत नसत.

सर्वांत मोठा मासा मात्र आधीच गळाला लागला होता. युरोपातील राजकन्या एका दिवसासाठी राजवाड्यातून निसटते आणि एका बातमीदाराच्या गाठी पडते, ही कथा त्यांनी चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस लिहिली होती. मित्र इयन मॅकलेलन हंटर यांनी ती स्वतःच्या नावाने विकून पैसे ट्रम्बोंकडे पोहोचवले. 'रोमन हॉलिडे' १९५३ मध्ये झळकला आणि १९५४ मध्ये कथेचे ऑस्कर हंटर यांना मिळाले. दुसऱ्याच्या कथेचा मान स्वीकारण्याची त्यांची कुचंबणा झाली असणार. तोवर तेही काळ्या यादीत गेले होते.

नाव परत आले

रॉबर्ट रिच प्रकरणाने यादीला पहिले मोठे भगदाड पाडले. ज्याने काम केले तो दिसत नाही आणि जो दिसतो त्याने काम केलेले नाही, हे साऱ्या देशासमोर आले. १९५७ च्या फेब्रुवारीतच अकादमीने समितीला सहकार्य न करणाऱ्यांना पारितोषिकासाठी अपात्र ठरवणारा नियम केला होता. १९५९ च्या जानेवारीत तो मागे घ्यावा लागला. त्याच महिन्यात ट्रम्बोंनी दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत आपणच रॉबर्ट रिच असल्याचे सांगून टाकले.

१६ जानेवारी १९६० रोजी पटकथालेखकांनी संप पुकारला. जुने चित्रपट दूरचित्रवाणीला विकून स्टुडिओ पैसा मिळवत होते आणि त्यात लेखकाला वाटा नव्हता, हे मुख्य गाऱ्हाणे. संप जूनपर्यंत, जवळजवळ पाच महिने चालला. मार्चमध्ये नट-नट्याही काही आठवडे त्यात उतरल्या. अखेर लेखकांना पुढच्या चित्रपटांच्या पुनर्प्रक्षेपणात वाटा मिळाला, निवृत्तिवेतन आणि आरोग्य योजना उभी राहिली. जुन्या चित्रपटांवरचा दावा मात्र सोडावा लागला. ज्यांनी १९३० आणि ४० च्या दशकांत पाया घातला, त्यांच्या वाट्याला त्या चित्रपटांतून काही आले नाही.

संप सुरू होऊन चार दिवस झाले होते, तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर दिग्दर्शक ओटो प्रेमिंजर यांची घोषणा आली. 'एक्झोडस'ची पटकथा डाल्टन ट्रम्बो यांनी लिहिली असून त्यांचे नाव पडद्यावर दिले जाईल. अभिनेता-निर्माता कर्क डग्लस यांच्या 'स्पार्टाकस'ची पटकथाही ट्रम्बोंचीच होती. तो चित्रपट त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांच्या नावानिशी आधी झळकला. पहिले पाऊल कोणाचे, यावर प्रेमिंजर आणि डग्लस यांच्या बाजूंनी पुढे वर्षानुवर्षे वाद झाले. अध्यक्ष केनेडी यांनी निदर्शकांना ओलांडून 'स्पार्टाकस' पाहिला आणि बहिष्काराच्या धमक्यांतील हवा गेली.

त्यानंतर काम ओघाने आले. 'लोन्ली आर द ब्रेव्ह', 'हवाई', 'द फिक्सर', 'पॅपिलॉन'. १९७१ मध्ये 'जॉनी गॉट हिज गन'चे त्यांनी स्वतः दिग्दर्शन केले. १९७० मध्ये लेखक संघटनेने आपला सर्वोच्च सन्मान त्यांना दिला. त्या समारंभात त्यांनी त्या काळात ना कोणी नायक होते ना खलनायक, सगळेच बळी होते, असा सूर लावला. ज्यांनी सहकाऱ्यांची नावे सांगून आपली नोकरी टिकवली तेही त्यात आले. दहांपैकी एक असलेले अल्बर्ट मॉल्ट्झ यांना हे पटले नाही आणि दोघा जुन्या सोबत्यांत कडवट पत्रव्यवहार झाला. तुरुंगात गेलेला आणि त्याला तेथे पोहोचवणारा यांना एकाच तागडीत तोलण्याचा उदारपणा ट्रम्बो दाखवू शकले. मॉल्ट्झ यांचा संताप मात्र अनेकांना अधिक न्याय्य वाटला.

सिगारेटने आपली वसुली केली. १९७३ मध्ये कर्करोगामुळे एक फुप्फुस काढावे लागले. 'द ब्रेव्ह वन'ची बाहुली अकादमीने १९७५ मध्ये त्यांच्या घरी आणून दिली, अठरा वर्षांनी. १० सप्टेंबर १९७६ रोजी लॉस एंजेलिस येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय सत्तर. देह त्यांच्या इच्छेनुसार विज्ञानासाठी देण्यात आला.

'रोमन हॉलिडे'चे ऑस्कर १९९३ मध्ये क्लिओ ट्रम्बो यांच्या हाती आले. ज्या ग्रँड जंक्शनने त्यांच्या पहिल्या कादंबरीवर राग धरला होता, तेथे २००७ मध्ये एका चित्रपटगृहासमोर त्यांचा पुतळा बसला. बाथटबमध्ये बसून लिहीत असलेला. चित्रपटाच्या पडद्यावरची ओळ बदलायला मात्र आणखी वेळ लागला. ट्रम्बो यांचे चिरंजीव ख्रिस्तोफर आणि हंटर यांचे चिरंजीव टिम यांनी मिळून तो विषय लेखक संघटनेपुढे नेला. निर्णय झाला तो डिसेंबर २०११ मध्ये. ख्रिस्तोफर त्याच वर्षी जानेवारीत वारले होते. त्या निर्णयानुसार 'रोमन हॉलिडे'ची कथा डाल्टन ट्रम्बो यांची, आणि पटकथा ट्रम्बो, हंटर व जॉन डायटन या तिघांची, अशी नोंद झाली.